नेपाळच्या बाळंतिणींसाठी भारत काय देणार? परराष्ट्र मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. परराष्ट्र सचिव आणि विकास भागीदारी प्रशासन विभागातील अधिकारी,
परराष्ट्र मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : नेपाळला दिल्या जाणाऱ्या मदतीत स्त्रियांच्या लैंगिक व प्रजनन आरोग्याचा समावेश करण्याबाबत.

महोदय,

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नेपाळच्या मदतीसाठी ७०० कोटी रुपयांची तरतूद होती. नेपाळशी आपली सीमा उघडी आहे आणि रोटीबेटी व्यवहारही जुना आहे. त्यामुळे या रकमेबद्दल माझी तक्रार नाही. ती वाढली तर मला आनंदच होईल. माझा प्रश्न हा पैसा कशावर खर्च होतो याबद्दल आहे. दवाखान्याची इमारत, शाळेची इमारत, पूल, रस्ता, वीजवाहिनी, रुग्णवाहिका अशा डोळ्यांना दिसणाऱ्या आणि फीत कापता येणाऱ्या वस्तूंकडे आपल्या मदतीचा ओढा पहिल्यापासून राहिला आहे. धरानचे बी. पी. कोईराला आरोग्य विज्ञान प्रतिष्ठान भारताच्या मदतीने उभे राहिले, काठमांडूच्या बीर रुग्णालयाचे ट्रॉमा सेंटर उभे राहिले आणि १९९४ पासून एक हजाराहून अधिक रुग्णवाहिका आपण नेपाळला भेट दिल्या. यातले काही वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण गर्भनिरोधक साधनांचा अखंड पुरवठा, बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारे औषध, ते वेळेवर देणारी प्रशिक्षित नर्स आणि कायद्याने दिलेला सुरक्षित गर्भपात या गोष्टींना भारतीय मदतीत ठळक जागा कधी मिळाली नाही. ती आता मिळावी, अशी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी अनेक वर्षे नर्सिंग कॉलेजात प्रसूतिशास्त्र शिकवले. माझ्याकडे शिकून गेलेल्या काही नेपाळी मुली आज पश्चिम नेपाळातल्या सुर्खेत, धनगढी आणि अछामकडच्या आरोग्यसंस्थांमध्ये काम करतात आणि अधूनमधून फोनवर बोलतात. या पत्रातला राग काही अंशी त्यांच्याकडून आलेला आहे. आकडेवारी मात्र जाहीर अहवालांतली आहे.

‘आता’ म्हणण्याला कारण आहे. गरीब देशांतल्या कुटुंब नियोजनासाठी श्रीमंत देशांची सरकारे जी मदत देत होती, तिच्यात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे ४० टक्के होता. जानेवारी २०२५ मध्ये ही मदत गोठवण्यात आली आणि १९६१ पासून काम करणारी यूएसएड ही अमेरिकेची परदेशी मदत देणारी संस्था त्याच वर्षी १ जुलैला बंद झाली. त्याच महिन्यात जगाने एक विचित्र बातमी वाचली. बेल्जियममधल्या खेल शहराच्या गोदामात पडून असलेली सुमारे ९७ लाख डॉलर किमतीची गर्भनिरोधक साधने, म्हणजे गोळ्या, इंजेक्शने, तांबी आणि दंडात कातडीखाली बसवायची इम्प्लांट, कोणाला देण्याऐवजी जाळून टाकण्याचे अमेरिकेने ठरवले होते. ब्रिटनचा हातही आखडला आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत देणारा हा देश २०२१ मध्ये ०.५ टक्क्यांवर आला आणि २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर उतरण्याचे त्याने जाहीर केले आहे. शिवाय नेपाळ नोव्हेंबर २०२६ मध्ये अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडणार असे ठरले आहे. हा मानाचा प्रसंग खराच, पण सवलतीच्या मदतीचे काही दरवाजे त्यासोबत हळूहळू बंद होतात. तीनही गोष्टी एकाच वेळी एका छोट्या देशावर येत आहेत.

त्या देशाने मिळालेल्या मदतीचे काय केले, हेही सांगायला हवे, कारण परदेशी मदत म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे अशी आपल्याकडे अनेकांची समजूत आहे. १९९६ मध्ये नेपाळात शंभरातल्या जेमतेम आठ बाळंतपणांसाठी स्त्री आरोग्यसंस्थेत पोहोचत असे. २०२२ च्या पाहणीत हे प्रमाण ७९ टक्के झाले. एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या याच काळात ४.६ वरून २.१ वर आली. १९९६ च्या पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे ५३९ माता दगावत होत्या. २०२१ च्या जनगणनेला जोडून झालेल्या अभ्यासात हा आकडा १५१ निघाला. दोन्ही मोजण्यांची पद्धत वेगळी असल्याने आकड्यांची अगदी काटेकोर तुलना करता येत नाही, पण दिशेबद्दल शंका नाही. या काळात त्या देशाने दहा वर्षांचे यादवी युद्ध, राजवटीतला बदल आणि २०१५ चा भूकंप पाहिला. अमेरिका आणि ब्रिटनच्या निधीचा या प्रगतीत मोठा वाटा होता. तरी तिचा कणा १९८८ पासून गावोगाव काम करणाऱ्या महिला सामुदायिक आरोग्य स्वयंसेविकांचा होता. त्या आज पन्नास हजारांहून अधिक आहेत. आपली आशा ताई २००५ मध्ये आली, हे लक्षात घेतले तर कोणी कोणाकडून शिकायचे हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही.

आता मुद्द्याकडे येते. २०२१ च्या त्याच अभ्यासात एक आकडा असा आहे, जो मदतीच्या प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. नेपाळात ज्या माता दगावल्या, त्यांपैकी ५७ टक्के आरोग्यसंस्थेत दगावल्या, २६ टक्के घरी आणि १७ टक्के वाटेत. रुग्णवाहिका त्या १७ टक्क्यांसाठी आहे आणि ती हवीच. कर्णालीच्या डोंगरात तर हेलिकॉप्टर लागते आणि नेपाळ सरकार दुर्गम भागातल्या अडलेल्या बायकांना हेलिकॉप्टरने हलवतेही. पण निम्म्याहून अधिक बायका दवाखान्याच्या छताखाली पोहोचल्यानंतर दगावत असतील, तर आणखी एक छत बांधून त्यातल्या किती वाचणार? छताखाली काय आहे आणि कोण आहे, हा आता खरा प्रश्न आहे.

बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे माता दगावण्याचे एक प्रमुख कारण. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे इंजेक्शन स्नायूत द्यायचे, की गर्भपिशवी आवळते, वार सुटते आणि रक्त थांबते. विद्यार्थिनींना मी हे शिकवायचे तेव्हा त्यांना ते फार सोपे वाटायचे. पण ही कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. वीज गेली, फ्रिज बंद पडला, की दिसायला ती तशीच राहते, आतला गुण मात्र कमी होत जातो. माझ्या एका विद्यार्थिनीने सांगितले की तिच्या प्रसूतिगृहात लसींसाठी फ्रिज आहे, पण ऑक्सिटोसिन औषधांच्या कपाटात, कारण फ्रिज लसीकरणाच्या कार्यक्रमाने दिलेला आणि त्यात दुसरे काही ठेवायचे नाही असा नियम तिला सांगितलेला. फ्रिज एका देणगीदाराचा, इंजेक्शन दुसऱ्याचे, आणि बाळंतीण कोणाच्याच खात्यात नाही. आपले मंत्रालय अशा दवाखान्याला नवी खोली बांधून देईल. तिथे सौरऊर्जेवर चालणारा एक छोटा फ्रिज आणि दर्जाची खात्री असलेल्या कुप्या द्याव्यात असा प्रस्ताव मात्र कोणी मांडणार नाही, कारण तेवढ्यावर पाटी लावता येत नाही. असाच रक्तस्राव रोखणाऱ्या पण उष्णता सहन करणाऱ्या कार्बेटोसिन या औषधाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे. जिथे थंड साखळी टिकत नाही तिथे तोही मार्ग आहे.

आणि जिथे फ्रिज नाही, नर्सही नाही, तिथे काय करायचे हे नेपाळने स्वतः शोधले. २००५ पासून बांके जिल्ह्यात स्वयंसेविकांनी आठव्या महिन्यातल्या गर्भवतींना मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाच्या तीन गोळ्या द्यायला सुरुवात केली. बाळंतपण घरीच झाले, तर बाळ आल्यावर आणि वार पडण्याआधी त्या घ्यायच्या. तिथे त्यांना ‘मातृ सुरक्षा चक्की’ म्हणतात. गावातल्या बाईच्या हाती हे औषध देणे धोक्याचे नाही का, अशी शंका तेव्हा डॉक्टरांनी काढली असेलच. आपल्याकडचे डॉक्टर ती आजही काढतात. हा प्रयोग पुढे इतर जिल्ह्यांत गेला. अशा गोळ्या बनवण्यात भारत पुढे आहे आणि त्यांची किंमत किरकोळ आहे. त्या दर वर्षी खात्रीने पुरवणे याला एका पुलाच्या खर्चाचा अंशही लागणार नाही.

गर्भनिरोधक साधनांची गोष्ट थोडी वेगळी आहे. नेपाळच्या सरकारी आरोग्यचौकीत निरोध, गोळ्या, तीन महिन्यांचे डेपो इंजेक्शन, तांबी आणि इम्प्लांट ही पाच तात्पुरती साधने मोफत मिळावीत, असे धोरण आहे. तरीही २०२२ मध्ये विवाहित स्त्रियांपैकी ४३ टक्केच आधुनिक साधन वापरत होत्या आणि २१ टक्के स्त्रियांना मूल नको किंवा इतक्यात नको असूनही त्या कोणतेच साधन वापरत नव्हत्या. या २१ टक्क्यांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण नेपाळच्या खेड्यांत नवरा घरी नसतो. तो आखातात असतो, मलेशियात असतो, किंवा आपल्या मुंबई-पुण्यातल्या सोसायटीच्या फाटकावर असतो आणि दसाईं-तिहारला महिनाभर घरी येतो. अकरा महिने एकटी असलेली बाई रोजची गोळी कशाला घेईल? आणि नवरा येणार म्हणून ती चौकीत गेली, तर त्याच आठवड्यात तिथे इंजेक्शन शिल्लक हवे. वार्षिक सरासरीवर आखलेल्या पुरवठ्याला सणाची ही गर्दी कळत नाही. ज्या शहरांत हे पुरुष राबतात त्या शहरांच्या देशाने तरी ती ओळखायला हवी. अछाम, डोटी, बझांगच्या किती घरांत मुंबईहून परतलेल्या माणसाबरोबर एचआयव्ही आला, हा इतिहासही फार जुना नाही. तेव्हा नेपाळी बाईचे लैंगिक आरोग्य हा आपल्यासाठी परक्या देशाचा विषय आहे, असे निदान आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना म्हणता येणार नाही.

इम्प्लांटबद्दल दोन शब्द अधिक लिहिते, कारण मदत कुठे चुकते हे त्यावरून नेमके दिसते. दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली आगपेटीच्या काडीएवढ्या दोन लवचिक काड्या बसवल्या की पाच वर्षे गर्भ राहत नाही. २०१३ पासून मोठ्या देणगीदारांनी कंपन्यांना खरेदीची हमी दिल्यामुळे एका संचाची किंमत सुमारे १८ डॉलरवरून ८.५० डॉलरवर आली. हे मदतीचे उत्तम उदाहरण. मग गरीब देशांत इम्प्लांट बसवण्याची लाट आली, बसवलेल्या इम्प्लांटचे आकडे अहवालांत झळकले, आणि पाच वर्षांनी, किंवा त्याआधीच रक्तस्रावाने हैराण झाल्यामुळे, बाया त्या काड्या काढून घ्यायला आल्या तेव्हा काढणारे कोणी नव्हते. बसवायला दोन-तीन मिनिटे पुरतात. काढायला भूल द्यावी लागते, छोटी चीर घ्यावी लागते, आणि काडी खोल गेली असेल तर सरावलेल्या हाताशिवाय ती सापडत नाही. काढण्यासाठी निधी नव्हता, कारण काढलेले इम्प्लांट कोणाच्याही उद्दिष्टात मोजले जात नाही. जे साधन हवे तेव्हा काढून घेता येत नाही, त्याला तात्पुरते म्हणणे ही फसवणूक आहे. भारत या क्षेत्रात उतरला तर पहिला रुपया काढण्याच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मात्र हे प्रशिक्षण देणारे नेपाळी असावेत. आपल्या सरकारी दवाखान्यांत इम्प्लांट अगदी अलीकडे आणि मोजक्या जिल्ह्यांत आले आहे, आणि तीन महिन्यांचे इंजेक्शनसुद्धा २०१७ मध्ये; नेपाळी नर्सचा हात यात आपल्यापेक्षा कितीतरी सरावलेला आहे.

गर्भपाताचा विषय टाळून हे पत्र पूर्ण होणार नाही. २००२ पर्यंत नेपाळात गर्भपात हा गुन्हा होता आणि त्यासाठी, कधी कधी आपोआप झालेल्या गर्भपातासाठीही, स्त्रिया तुरुंगात होत्या. त्या वर्षी कायदा बदलला, २००४ पासून सेवा सुरू झाली, २००९ मध्ये लक्ष्मी धिक्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सेवा गरीब स्त्रीला परवडेल अशी करणे ही सरकारची जबाबदारी ठरवली, २०१५ च्या संविधानाच्या कलम ३८ ने सुरक्षित मातृत्व आणि प्रजनन आरोग्य हा स्त्रीचा हक्क म्हणून नोंदवला, आणि २०१८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. दक्षिण आशियात इतका स्पष्ट पाया दुसऱ्या देशात क्वचितच सापडेल. पण अमेरिकेच्या मदतीतला एकही डॉलर कुटुंब नियोजनाचे साधन म्हणून केलेल्या गर्भपातावर खर्च करता येत नाही, असे तिथला १९७३ चा नियम सांगतो. १९८४ मध्ये त्यावर आणखी एक अट आली. परदेशातली संस्था स्वतःच्या दुसऱ्या पैशातून गर्भपाताची सेवा देत असेल किंवा कायदा बदला असे म्हणत असेल, तरी तिला अमेरिकेचा कुटुंब नियोजनाचा निधी नाही. वॉशिंग्टनमधली सत्ता बदलली की ही अट उठते आणि परत लागते. २००१, २०१७ आणि २०२५ मध्ये ती परत लागली. नेपाळच्या परिवार नियोजन संघाने २००१ मध्ये ही अट नाकारली आणि निधी गमावला. तेव्हा नेपाळात गर्भपात बेकायदाच होता. म्हणजे आपल्याच देशाच्या संसदेपुढे कायदा बदलण्याची मागणी करू नये, यासाठी एका नेपाळी संस्थेला परक्या सरकारने अट घातली होती. तिने ती झुगारली आणि पुढच्याच वर्षी कायदा बदलला.

भारतावर असे कोणतेही बंधन नाही. १९७१ पासून आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आहे. ज्या सेवेला अमेरिकी निधी कधीच पोहोचू शकत नव्हता, तिला भारत आजही निधी देऊ शकतो आणि त्यासाठी कोणताही नवा कायदा करावा लागणार नाही. तरीही आपण तो देत नाही, याला संकोचाखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही. दरम्यान सीमेपलीकडे भारतातून दुसरेच काही जाते. नेपाळात २०१४ मध्ये झालेल्या सुमारे ३ लाख २३ हजार गर्भपातांपैकी ४२ टक्केच कायदेशीर, म्हणजे मान्यताप्राप्त ठिकाणी आणि प्रशिक्षित व्यक्तीकडून झालेले होते. बाकीच्यांतला मोठा भाग औषधाच्या दुकानातून घेतलेल्या गोळ्यांचा, आणि त्यांत नेपाळात नोंदणीच नसलेल्या, उघड्या सीमेवरून आलेल्या भारतीय बनावटीच्या गोळ्याही असतात. दुकानदार त्या देतो, किती आणि कशा घ्यायच्या ते सांगत नाही, आणि बाई रक्ताने भिजून तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येते. आपल्या देशात बनलेल्या औषधाचा हा प्रवास रोखण्यासाठी दोन्ही देशांच्या औषध नियंत्रकांनी एकत्र बसणे, हीदेखील मदतच आहे. मात्र त्याचा अर्थ दुकानांवर धाडी घालून गोळ्या गायब करणे असा घेतला गेला, तर बाया गर्भ पाडण्यासाठी पुन्हा काड्या-मुळ्यांसारख्या जीवघेण्या उपायांकडे वळतील. नोंदणीकृत, स्वस्त गोळ्या आणि चार वाक्यांची बरोबर माहिती त्याच दुकानात पोहोचवणे हा शहाणपणाचा मार्ग.

एका गोष्टीची मात्र मला धास्ती वाटते, ती स्पष्ट लिहिते. कुटुंब नियोजन म्हटले की आपल्या सरकारी यंत्रणेच्या मनात अजूनही लोकसंख्या नियंत्रण येते. आणीबाणीत उद्दिष्टे ठरवून पुरुषांची नसबंदी झाली. पुढे तोच भार बायकांवर गेला. १९९४ च्या कैरोतल्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केले की किती मुले व्हावीत आणि केव्हा, हे ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे. भारताने त्यानंतर १९९६ मध्ये उद्दिष्टांची पद्धत कागदावर मागे घेतली. तरीही २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या शिबिरांत नसबंदीनंतर तेरा स्त्रिया दगावल्या. नेपाळच्या मधेश प्रांतात आजही स्त्री नसबंदी हेच सर्वाधिक वापरले जाणारे साधन आहे, आणि हा प्रांत बिहारला लागून आहे. तिथे भारताने शिबिरे, बक्षिसे आणि उद्दिष्टे नेऊ नयेत. हा अनुभव आपण पुरेसा घेतला आहे, निर्यात करण्याची गरज नाही. डोंगरी भागात उलट पाहण्यासारखे काही आहे. नेपाळात सुमारे चार टक्के विवाहित स्त्रिया पतीच्या नसबंदीवर अवलंबून आहेत. भारतात हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ०.३ टक्के होते. आपल्या अधिकाऱ्यांनी नेपाळमध्ये शिकवायला जाताना वही-पेनही बरोबर न्यावे.

मदत कशी द्यावी, यात काय द्यावे याइतकाच घोळ होऊ शकतो. सप्टेंबर २०१५ पासून काही महिने सीमेवरची वाहतूक अडली, तेव्हा भूकंपातून सावरत असलेल्या नेपाळात औषधांचाही तुटवडा झाला. नाकाबंदी आपण केली नाही, असे भारत सरकार म्हणत आले आहे. नेपाळी लोकांची आठवण वेगळी आहे. तो वाद इथे नको. पण जो देश एका शेजाऱ्याकडून येणाऱ्या ट्रकवर अवलंबून राहण्याचा अनुभव घेऊन बसला आहे, त्याला गर्भनिरोधकांसाठी पुन्हा त्याच ट्रकवर अवलंबून राहा असे सांगणे बरोबर नाही. म्हणून भारताने माल देण्याऐवजी निम्मा तरी निधी रोख द्यावा आणि खरेदी नेपाळ सरकारने स्वतःच्या निविदेने किंवा संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीमार्फत करावी. त्या स्पर्धेत भारतीय कंपन्या आपल्या बळावर जिंकतील. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान लेटेक्सपासून आजवर निरोध, गोळ्या आणि तांबी बनवण्यात आपण जगात मागे नाही. जो माल थेट दिला जाईल, तो काठमांडूतच नव्हे तर प्रांतांच्या भांडारांतही किमान सहा महिने पुरेल इतका आधीच पोहोचलेला असावा. आणि बांधिलकी पाच वर्षांची असावी. इंजेक्शन घेणाऱ्या बाईला दर तीन महिन्यांनी ते लागते. दिल्लीतल्या आर्थिक वर्षाशी तिला कर्तव्य नाही.

आपल्याच देशातल्या बायकांचे हाल संपले नसताना नेपाळची काळजी कशाला, असे काही वाचक विचारतील आणि मंत्रालयातही विचारले जाईल. कोट्यवधी रुपये तर आपण देतच आहोत. त्यातले किती कोणत्या कामाला, एवढाच प्रश्न आहे. शिवाय खर्च फार नाही. त्वचेखाली स्वतः घेता येणाऱ्या तीन महिन्यांच्या इंजेक्शनची आंतरराष्ट्रीय खरेदीची किंमत एक डॉलरच्या आत आहे. जानेवारी २०२४ मध्ये भारताने नेपाळमधल्या लहान सामुदायिक प्रकल्पांची प्रत्येकी मर्यादा ५ कोटी नेपाळी रुपयांवरून २० कोटींवर नेली. अशा मोजक्या प्रकल्पांच्या खर्चात काय काय होईल, याचा हिशेब मांडायला आपल्याकडे अधिकारी आहेत. आणि मुंबईत १९५२ च्या नोव्हेंबरमध्ये भरलेल्या परिषदेतच आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व महासंघाची स्थापना झाली होती, त्याच्या एकतीस वर्षे आधी र. धों. कर्वे यांनी याच शहरात संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते. या कामात भारताला कोणी नवखा म्हणणार नाही.

मोजणीचा एक मुद्दा राहिला. वर दिलेले नेपाळचे बहुतेक आकडे १९९६ पासून दर पाच-सहा वर्षांनी झालेल्या ज्या आरोग्य पाहणीतून येतात, तिला अमेरिकेचा निधी आणि तंत्रसाहाय्य होते. तो जागतिक कार्यक्रमच फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवला गेला आणि नंतर खासगी देणगीवर त्याचा काही भाग पुन्हा उभा राहिला. पाहणी झाली नाही, तर पुढच्या दहा वर्षांत किती बायका साधनाविना राहिल्या हे कोणाला कळणारच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा अनुभव असलेल्या भारतीय संस्था, त्यातही मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, नेपाळला यात बरोबरीच्या नात्याने साथ देऊ शकतात. प्रश्नावली मात्र नेपाळने ठरवावी आणि माहितीची मालकी नेपाळची असावी.

मंत्रालयाकडे माझ्या मागण्या अशा आहेत. गेल्या पाच वर्षांत नेपाळला दिलेल्या मदतीपैकी माता आणि प्रजनन आरोग्यावर, इमारती आणि वाहने सोडून, किती रक्कम खर्च झाली हे मंत्रालयाने जाहीर करावे. भारत-नेपाळ संयुक्त आयोगाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर गर्भनिरोधकांचा पुरवठा आणि गर्भपाताच्या गोळ्यांची सीमापार नोंदणी हे दोन विषय घ्यावेत, आणि त्या बैठकीच्या तयारीत नेपाळी नर्स व स्वयंसेविकांच्या प्रतिनिधींचे म्हणणे आधी ऐकावे. पुढच्या अर्थसंकल्पात नेपाळच्या तरतुदीखाली यासाठी वेगळे उपशीर्ष असावे, म्हणजे पुढच्या वर्षी मला किंवा दुसऱ्या कोणाला हाच प्रश्न विचारताना अंदाजावर बोलावे लागणार नाही. उत्तर लेखी आणि जाहीर मिळावे, ही विनंती.

कळावे,

आपली,
एक निवृत्त परिचर्या शिक्षिका, महाराष्ट्र